बागेतील कामे करताना कान उघडे ठेवून काय आणि कसे ऐकावे? (मदत हवी आहे)

नमस्कार.

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ आमची काजूची आणि थोडी नारळ-पोफळीची बाग आहे आणि तिची बरीचशी कामे मी स्वतः करतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत झाडाखालच्या पातेऱ्यातून (वाळक्या पानांच्या थरातून) काजू वेचणे, बोंडाला पीळ देऊन बी सोडवणे, दुपारनंतर पोफळींना पाणी लावणे आणि पाऊस ओसरू लागला की गवत काढणे, असा हा क्रम असतो. या कामांत हात पूर्णपणे गुंतलेले असतात, पण मन बरेचसे मोकळे राहते. गावी राहायला आल्यापासून माझे वाचन जवळजवळ थांबले होते. ते ऑडिओबुकांमुळे पुन्हा सुरू झाले आहे आणि काहीही झाले तरी मला ते सुटू द्यायचे नाही. म्हणूनच जाणकारांकडून थोडे मार्गदर्शन हवे आहे.

सर्वांत मोठी अडचण सापांची आहे. आमच्या भागात फुरसे भरपूर आहे आणि ते पातेऱ्याच्या रंगात इतके मिसळून जाते की पुष्कळदा डोळ्यांआधी कानांनाच त्याचा सुगावा लागतो. डिवचले गेल्यावर ते वेटोळी एकमेकांवर घासते आणि खवल्यांचा खरखर आवाज येतो. घोणसही कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. म्हणजे ज्या विषारी सापांची इथे धास्ती असते, त्यांतले दोघे तरी बहुधा आवाजाने इशारा देतात, आणि कानात घट्ट बसणारे इअरफोन घालून वेचणीला वाकणे म्हणजे तो इशारा स्वतःच बंद करून टाकणे होय. गमबूट आणि हातातील काठी असतेच, तरी कान झाकून काम करायला माझे मन अजिबात तयार होत नाही. सध्या मी एकाच कानात इअरफोन घालतो, पण त्यामुळे आवाज नेमका कोणत्या दिशेने आला, हे कळत नाही.

यावर उपाय म्हणून कानाची वाट मोकळी ठेवणारे आणि गालाच्या हाडातून कंपने आत पोहोचवणारे बोन कंडक्शन हेडफोन घ्यावेत, असा विचार आहे. ज्यांनी ते उन्हातान्हात वापरले आहेत, त्यांनी कृपया काही गोष्टी सांगाव्यात. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला असताना मागून येणारी त्यांची पट्टी टोचते का? वाऱ्यात बोलणे स्पष्ट ऐकू येते का? काजूची वेचणी करताना बोंडाच्या रसाने बोटे चिकट झालेली असतात, त्यामुळे स्पर्शाने चालणारी बटणे निरुपयोगी ठरतात. मनगटाने किंवा कोपराने दाबता येईल असे मोठे बटण कोणत्या हेडफोनला आहे? आयपी६७ असे लिहिलेले असले म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापर्यंत उपकरण टिकते, एवढे मला ठाऊक आहे. पण इथल्या खाऱ्या हवेचा आणि घामाचा चार्जिंगच्या जागेवर काय परिणाम होतो, हे वापरणाराच सांगू शकेल.

ग्रासकटर चालवताना मात्र प्रश्न उलटा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानतात, तर ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. पेट्रोलच्या यंत्राजवळ त्यावर आवाज चढवून ऐकणे मला चुकीचे वाटते, त्यामुळे तेव्हा मी काहीच ऐकत नाही. कान झाकणारे, आतच ब्लूटूथ असलेले संरक्षक मफ ऑक्टोबरच्या उकाड्यात कोणी वापरले असतील, तर तो अनुभव वाचायला आवडेल.

आता काय ऐकावे, याविषयी. वेचणीला दीर्घ कादंबरी किंवा आत्मचरित्र उत्तम जमते, कारण हातांना काम पाठ असते. पाणी लावताना दर थोड्या वेळाने पाट फिरवावा लागतो आणि कथेचा धागा तुटतो, म्हणून तिथे प्रत्येक भाग स्वतंत्र असलेले पॉडकास्ट बरे पडतात. एकच वाचक शांतपणे, शब्द न तोडता वाचत असेल तर उघड्यावरही सारे समजते; परंतु मागे सतत संगीत वाजत असले किंवा दोघेतिघे एकमेकांच्या बोलण्यात बोलत असले, की माडाच्या झावळ्यांच्या सळसळीत निम्मे वाक्य विरून जाते. स्टोरीटेल या ऑडिओबुकांच्या अ‍ॅपवरील मराठी कादंबऱ्या मी ऐकतो. इतिहास, विज्ञान, हवामान, शेतीचे अर्थकारण या विषयांवर मात्र मराठीत सलग, अभ्यासपूर्ण आणि नीट ध्वनिमुद्रित केलेले काय उपलब्ध आहे? लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. अशा जुन्या मराठी पुस्तकांची अधिकृत वाचने कुठे मिळत असल्यास तेही सांगावे. परवानगीविना चढवलेल्या फितींचे दुवे कृपया देऊ नयेत, कारण पुस्तक वाचून दाखवणाऱ्याच्या मेहनतीचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

बागेच्या खालच्या अंगाला मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे जे काही असेल ते घरूनच उतरवून नेता आले पाहिजे.

आणखी एक बाब मला महत्त्वाची वाटते. वेचणीला आमच्याकडे शेजारच्या वाडीतील दोन मावशी येतात. मी कानात काही घातले की त्या संकोचाने बोलणे थांबवतात आणि ते मला बरे वाटत नाही. त्यांनाही गोष्टी आवडतात. तेव्हा फांदीला टांगता येईल असा छोटा स्पीकर लावून सर्वांनी मिळून ऐकावे, असे मनात आहे. मालवणी बोलीत सांगितलेल्या कथा किंवा स्त्रियांचे अनुभवकथन असे कोणते ध्वनिमुद्रण आहे, जे मध्येच थांबवून त्यावर गप्पा मारता येतील? शेजारच्या बागेपर्यंत आवाज जाऊ नये, एवढेच पथ्य पाळायचे आहे.

हेडफोनसाठी पाच हजार रुपयांपर्यंत आणि स्पीकरसाठी दोन हजारांपर्यंत खर्च करता येईल. काजूचा हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून उपकरणांविषयीची उत्तरे आधी मिळाली तर सोयीचे होईल. ऐकण्याच्या शिफारशी सवडीने दिल्या तरी चालतील.