पेशंटला हात न लावता नर्स? व्हीआर लॅबवाल्यांना उत्तर

निवृत्त_ट्यूटर
परवा आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी एक पोस्ट ढकलली. पोस्ट कसली, कुठल्याशा नर्सिंग कॉलेजची जाहिरातच ती. मजकूर साधारण असा: आमच्याकडे व्हीआर लॅब (डोळ्यांवर हेडसेट चढवून कॉम्प्युटरच्या खोट्या वॉर्डात सराव) सुरू झाली, आता विद्यार्थिनी पेशंटला हातही न लावता सगळ्या प्रोसिजर शिकणार; वॉर्डातली गर्दी, घाण वास, नातेवाइकांची शिवीगाळ यांतून त्यांची सुटका! खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. त्यात माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींचेही अंगठे, म्हणून जास्त लागलं.

वासापासून सुटका? अहो, नर्सचं अर्धं काम नाकाने चालतं. बर्न्स वॉर्डात ड्रेसिंग उघडलं, गोडसर वास आला, पट्टीला हिरवट डाग दिसला की सिस्टर स्यूडोमोनास जंतूचा संशय घेऊन स्वॅब पाठवते. कल्चरचा रिपोर्ट यायचा तेव्हा येतो. डायबेटिक पेशंटच्या श्वासाला फळासारखा वास आला की शुगर आणि कीटोन बघायचं, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण तो वास नाकाला माहीत नसेल तर वाचून उपयोग काय? आणि मेलेना, म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाची काळी शी, एकदा साफ केला की जन्मात विसरत नाही.

दुसरं, बोटं. म्हातारीच्या हाताची शीर सुईखालून सरकते, हगवणीने सुकलेल्या पोराची सापडतच नाही. डाव्या अंगठ्याने कातडी किती ताणायची, सुई आत गेल्यावर तो बारीकसा ‘टक’ कसा जाणवतो, हे प्लॅस्टिकच्या कंट्रोलरच्या थरथरीतून शिकणार? पक्षाघाताचा अंगाने जड पेशंट दोघींनी मिळून कुशीवर कसा वळवायचा, ड्रॉशीट (अंगाखालची आडवी चादर) कुठे धरायची, आपली कंबर कशी सांभाळायची? हेडसेटमधल्या पेशंटला वजनच नसतं.

ज्या कॉलेजांकडे मुलींच्या सरावासाठीचं शंभर खाटांचं पालक रुग्णालय फक्त कागदावर आहे आणि खाटांवर माणूस नाही, त्यांना ही लॅब हवी आहे. पेशंट नाहीत ते झाकायला. बोला आता.

स्किललॅब
मॅडम, आदर ठेवून सांगतो, तुमची बाजू भावनिक आहे. मी सिम्युलेशन शिकवतो, म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी बनावट प्रसंगांवर सराव. मुलीने पहिली सुई कुणाला टोचायची? तुमच्या काळात ती सिव्हिलच्या जनरल वॉर्डातल्या गरीब माणसाला टोचली जायची. चार वेळा टोचून सलाईन आऊट, हात सुजलेला, आणि तो बिचारा ‘शिकू दे पोरीला’ म्हणणार. प्रायव्हेट रूममधल्या पेशंटवर कधी शिकवलंत?

पुरावा हवा असेल तर अमेरिकेत त्यांच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने मोठा अभ्यास केला, 2014 साली छापून आला. दहा नर्सिंग अभ्यासक्रम, मुलांचे तीन गट, एका गटाचे निम्मे क्लिनिकल तास सिम्युलेशनमध्ये. शेवटी ज्ञान, कौशल्य, लायसन्सच्या परीक्षेचा निकाल, कशातच लक्षणीय फरक नाही. सर्जरीत तर 2002 मध्येच अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या सोळा रेसिडेंट डॉक्टरांवर प्रयोग झाला. व्हीआरवर सराव केलेल्यांनी पित्ताशय 29 टक्के कमी वेळात सोडवलं, चुकाही बऱ्याच कमी.

निवृत्त_ट्यूटर
भावनिक मी, आणि अर्धा अभ्यास सांगणारे तुम्ही. 2014 च्या अभ्यासात हेडसेट नव्हते हो. मॅनिकिन, म्हणजे पेशंटचे पुतळे होते, पेशंटचं सोंग घेणारी माणसं होती, शिकवणाऱ्यांना आधी खास ट्रेनिंग दिलेलं होतं आणि प्रत्येक सेशननंतर बसून डीब्रीफिंग, म्हणजे काय जमलं काय चुकलं याची चर्चा. आपल्याकडे एकेका क्लिनिकल इन्स्ट्रक्टरच्या गळ्यात अख्खी बॅच मारतात, डीब्रीफिंग कोण करणार, हेडसेट विकणारा सेल्समन? येलचा प्रयोग तर टेबलावरचा स्क्रीन आणि दोन दांडे असा होता, आणि ऑपरेशन दुर्बिणीचं. दुर्बिणीतून काम करणारा सर्जन तसाही स्क्रीनकडेच बघतो. स्पंजिंग करणारी नर्स बघते का?

गरिबाला टोचण्याबद्दल बोललात ते बरोबर आहे. त्याला उपाय आयव्ही आर्म, शिरेत सुई टोचायच्या सरावाचा नकली हात. एका हेडसेटच्या पैशात एक तरी बरा आर्म येतो.

चक्कर_येते
मला कॉलेजने घातलेला हेडसेट. चालायचा सीन होता, वॉर्डात फिरून क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) शोधायची. कार्ट सापडायच्या आत मी खऱ्या बादलीत ओकले. डोळे सांगतात चाललीस, कानातला तोल सांगतो उभी आहेस, मेंदू गोंधळतो. काही मुलींना काहीच होत नाही, मला दिवसभर गरगरत होतं. आणि तोच फोम तीस जणींच्या घामट तोंडाला लावायचा, मध्ये नुसता टिश्यू फिरवायचा. नर्सिंग कॉलेजात! 2021 मध्ये क्वेस्ट टू या हेडसेटचे चाळीस लाखांच्या आसपास फोम कंपनीला रिकॉल करावे लागले होते, लोकांच्या तोंडाला पुरळ आलं म्हणून. पहिल्या वर्षाला हँडवॉशच्या पायऱ्या पाठ करून घेता ना?

बाहेर_बसलेला_ब्रदर
ट्यूटर मॅडम, वॉर्डात शिका, वॉर्डात शिका म्हणताय. आम्हाला वॉर्डात घेतलं कुठे? ओबीजी (बाळंतपणाच्या) पोस्टिंगला आम्ही सगळी मुलं लेबर रूमच्या बाहेरच्या बाकावर. आत गेलो की इन्चार्ज सिस्टर ओरडायच्या, ‘ए ब्रदर, बाहेर!’ केस बुक (आपण केलेल्या केसेसची वही) मुलींच्या बघून भरली. सगळ्यांना माहीत, सगळ्यांनी सही केली. तुम्हीही केली असेल.

आता मी ग्रामीण रुग्णालयात कॅज्युअल्टीला आहे. एका रात्री जीपमध्ये बाई आली, डोकं दिसत होतं. लेबर रूमची सिस्टर रेफरलच्या पेशंटबरोबर जिल्ह्याला गेलेली, डॉक्टर क्वार्टरवरून येईपर्यंत मीच. पेरिनियमला (योनीखालच्या भागाला) आधार कसा द्यायचा, नाळ मानेभोवती आहे का ते बोट घालून कसं बघायचं, सगळं पुस्तकातल्या चित्रावरून. बाळ रडलं, माझं नशीब. त्या आधी मला कुणी हेडसेटमध्ये तरी बाळंतपण दाखवलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

मायक्रो_बारामती
भाऊ, राग कळतो, पण कळा देणाऱ्या बाईने वीस वर्षांच्या पोराला आत का घ्यायचं? तिच्या जागी तुमची बहीण असती तर?

बाहेर_बसलेला_ब्रदर
आलं का बहिणीवर! त्याच खोलीत एमबीबीएसचा वीस वर्षांचा पोरगा असतो, त्याला कोण विचारतं? त्याने गळ्यात स्टेथो अडकवला की तो डॉक्टर, मी पांढरा शर्ट घातला की मी पुरुष. एम्सने 2019 पासून नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत 80 टक्के जागा बायकांना ठेवल्या. शिकवायचं नाही, भरतीत घ्यायचं नाही, मग अ‍ॅडमिशन तरी का देता? फीसाठी?

मायक्रो_बारामती
80 टक्क्यांचं कारण आहे. बेडपॅन, कॅथेटर, स्पंजिंग बाईपेशंटला बाईच हवी असते. यात तुमचा अपमान कसला?

बाहेर_बसलेला_ब्रदर
आणि पुरुष पेशंटचं कॅथेटर घालायच्या वेळी ‘ब्रदरला बोलवा’ हे दर रात्री ऐकतो. तेव्हा तुमचे 80 टक्के कुठे जातात?

दोन_मुलांची_आई
मी नर्स नाही, वाचत होते, आता राहवत नाही. माझं पहिलं बाळंतपण एका शिकवणाऱ्या सरकारी दवाखान्यात झालं. पाय वर, अंगावर धड कापड नाही आणि समोर विद्यार्थ्यांचा घोळका. मुलगे होते, मुलीही होत्या. एकीने तरी ‘ताई, आम्ही थांबू का?’ विचारलं? एक जण आत तपासून गेला की दुसरी तेच तपासायला. ओरडले तर मावशी म्हणाली, ‘तेव्हा नाही लाज वाटली?’ तुम्ही दोघं भांडताय की आत कुणी यायचं, ब्रदर की सिस्टर. मला विचारा. कुणीच नको होतं. तुमचा तो चष्मा असेल तर खुशाल लावा आणि सगळं त्यात शिकून मगच आमच्याजवळ या.

स्किललॅब
ताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे. ट्यूटर मॅडम, आता बोला.

निवृत्त_ट्यूटर
बोलते. मावशीचं ते वाक्य मीही ऐकलेलं आहे, आणि तिला मी तिथल्या तिथे झापलेलं आहे. पण चष्मा लावून आलेला पोरगासुद्धा न विचारताच हात घालेल, कारण चष्म्यातली बाई कधी ‘नको’ म्हणत नाही. परवानगी मागायला ती शिकवत नाही. आणि ब्रदर, तुमच्या केस बुकवर मी सही केली असेल म्हणता? मी दोन मुलांना आत उभं केलं म्हणून मेट्रनने मला मेमो दिला होता. माहीत नसताना बोलू नका.

आता उपाय सांगते, हेडसेटशिवायचा. मामा नॅटली बघितलीय का? नॉर्वेच्या त्याच लार्डाल कंपनीची, ज्यांची सीपीआर शिकवायची बाहुली अ‍ॅनी 1960 पासून सगळ्या जगाने दाबली. नॅटली म्हणजे बाळंतपण शिकवायचं खोटं पोट, ते शिकवणारीने स्वतःच्या कमरेला बांधायचं. आतून बाळ सोडायचं, वार सोडायची, नळी उघडली की लाल पाणी वाहायला लागतं. मुलाने गर्भाशय चोळलं नाही की आपण रक्त थांबवायचंच नाही. आणि मुख्य म्हणजे बांधणारी बाई खरी असते. ती ओरडते, हात झटकते, ‘आधी विचार मग हात लाव’ म्हणते. सोबतची निओ नॅटली ही बाहुली, कोमट पाणी भरलं की तान्ह्या बाळाच्या वजनाची होते. तिला अँबूने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास दिला तर छाती वर येते, मास्क नीट बसला नसेल तर येत नाही. वीज लागत नाही, वायफाय लागत नाही. ब्रदरला बाकावर बसवायचं कारणच उरत नाही.

लीड्सकर_सिस्टर
इकडचं सांगू का? ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या मुलांना 2,300 प्रॅक्टिसचे तास लागतात. 2023 पासून त्यातले जास्तीत जास्त 600 सिम्युलेशनमध्ये करता येतात, कॉलेजला आधी मंजुरी घ्यावी लागते. सिम्युलेशन म्हणजे फक्त हेडसेट नव्हे, मॅनिकिन आणि नट धरून सगळं. पण बाकीचे तास खऱ्या पेशंटजवळच. मी स्वतः भारतातून आले तेव्हा दहा स्टेशनची ओस्की, म्हणजे करून दाखवायची परीक्षा दिली, मॅनिकिनशीसुद्धा ‘मी तुमचा हात बघू का?’ असं मोठ्याने बोलावं लागतं. नाही बोललात तर मार्क गेले. आपल्याकडे वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टर्स इथे यातच अडखळतात, हात चालतात, तोंड चालत नाही.

मायक्रो_बारामती
तिकडचं तिकडे. तिकडे एका वॉर्डात पेशंट किती आणि सिस्टर किती? आमच्याकडे नाइटला एकीकडे अख्खा वॉर्ड, तिने प्रत्येकाला ‘हात बघू का’ विचारत बसलं तर सकाळची इंजेक्शनं संध्याकाळी होतील.

दोन_मुलांची_आई
तीन शब्दांना किती वेळ लागतो हो?

पालक_बीएस्सी
मला एकच विचारायचंय. मुलगी बीएस्सी नर्सिंगला आहे, खासगी कॉलेज. या वर्षी फीबरोबर ‘व्हीआर लॅब चार्ज’ वेगळा रोख घेतला, पावती नाही. हेडसेट तिला फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी घालायला मिळाला, फोटोपुरता. एरवी कपाटात, किल्ली प्रिन्सिपलकडे. त्याच दिवशी म्हणे वॉर्डात गावातली माणसं आणून खाटांवर झोपवली होती. हे बरोबर आहे का?

निवृत्त_ट्यूटर
घ्या स्किललॅब. पेशंटही व्हर्च्युअल, लॅबही व्हर्च्युअल. खरी फक्त फी.

स्किललॅब
सगळी कॉलेजं एका तराजूत तोलू नका. आमच्याकडे हेडसेट रोज वापरात असतात, पुसायला वाइप्स आणि बदलायला सिलिकॉनचं कव्हर असतं. मामा नॅटली मीही वापरतो आणि बाळंतपणासाठी ती हेडसेटपेक्षा सरस आहे हे मान्य. झालं समाधान? पण अ‍ॅनाफिलॅक्सिस बघा, म्हणजे औषध अंगावर उलटून जीव धोक्यात येणं. इंजेक्शन दिलं, पेशंटच्या अंगावर गांधी, ओठ सुजले, बीपी पडलं. मांडीत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनॅलिन द्यायचं, आणि आधी हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड) शोधत बसायचं नाही. हे वॉर्डात मुलीला पोस्टिंगभर दिसेलच याची खात्री नाही, आणि दिसलं तर तिला कोपऱ्यात उभी करतात. हेडसेटमध्ये ती दहा वेळा घाबरून घेते. बस अपघाताचा ट्रायेज, म्हणजे आधी कुणाला बघायचं ते ठरवणं, कुणाला लाल टॅग, कुणाला पिवळा, हेही तसंच. आणि स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला आवाज ऐकू येतात म्हणजे काय, ते कानात कुजबुज सुरू ठेवून दुसऱ्या माणसाशी बोलायला लावलं की मुलींना कळतं. तुमचा आयव्ही आर्म हे शिकवेल?

निवृत्त_ट्यूटर
नाही शिकवणार. सायकियाट्रीचं पटलं. आमच्या मुली प्रादेशिक मनोरुग्णालयात पोस्टिंगला जायच्या तेव्हा पेशंट स्वतःशी बोलताना बघून फिदीफिदी हसायच्या, त्यांना हा चष्मा आधी घालायला हवा होता. ट्रायेजही घ्या. पण मग जाहिरातीत तेवढंच लिहा ना! ‘पेशंटला हात न लावता’ कशाला?

स्किललॅब
जाहिरात मी लिहीत नाही.

बाहेर_बसलेला_ब्रदर
तुमचं जुळलं, चांगलं आहे. माझं काय? नोकरीत असलेल्यांसाठी प्रसूतीच्या ट्रेनिंगची जागा निघते, मी अर्ज केला. ‘महिला कर्मचाऱ्यांसाठी’ असा शेरा मारून परत. जीप काय महिला कर्मचारी बघून येते का?

मायक्रो_बारामती
हे मात्र चूक आहे. कॅज्युअल्टीला ड्युटी लावतात तर ट्रेनिंग द्यायलाच हवं. आधीचं माझं मत तेच आहे, पण हे चूक आहे.

निवृत्त_ट्यूटर
ब्रदर, पुन्हा अर्ज द्या. ‘प्रसूतीचं ट्रेनिंग’ असं लिहू नका, ‘तातडीची प्रसूती आणि नवजात बाळाचं रिससिटेशन, कॅज्युअल्टी ड्युटीसाठी आवश्यक’ असं लिहा, त्या रात्रीच्या रजिस्टरची प्रत जोडा, आणि मेडिकल सुपरिंटेंडंटची सही घेऊन वर पाठवा. आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पालक_बीएस्सी
आणि माझ्या लॅब चार्जचं?

निवृत्त_ट्यूटर
खासगी कॉलेजची फी मुंबईचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. मंजूर फी त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार असते, ती काढा. त्याच्या वर जे घेतलंय त्याची लेखी तक्रार करता येते. पण आधी पावती मागा, तीही लेखी. आणि एकट्याने जाऊ नका, चार पालक घेऊन जा, नाहीतर मुलीची इंटर्नलची मार्कं त्यांच्याच हातात आहेत.

पालक_बीएस्सी
चार पालक मिळाले असते तर इथे कशाला विचारलं असतं.