परदेशात जपानी अ‍ॅनिमेशनपट थिएटरात: डब की सबटायटल?

निवडुंग (धागाकर्ता)
उत्तर अमेरिकेत जपानच्या जिब्ली या अॅनिमेशन स्टुडिओचे सिनेमे जीकिड्स ही कंपनी थिएटरात आणते. २०१७ पासून चालू असलेल्या जिब्ली फेस्टमध्ये एकाच सिनेमाचे काही खेळ इंग्रजी डबचे असतात, तर काही जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटलचे. मार्च २०२५ मध्ये ‘प्रिन्सेस मोनोनोके’ नव्या ४के (जास्त बारकावे दिसणाऱ्या) प्रतीतून आयमॅक्सला, म्हणजे जादा मोठ्या पडद्यांवर लागला, तेव्हाही दोन्ही पर्याय होते. अशा वेळी दर्दी माणसाने सबटायटलच घ्यायचं, हे आपल्याकडे न बोलता ठरून गेलेलं आहे. मला ते पटत नाही. घरी लॅपटॉपवर सबटायटल, थिएटरात मात्र डब.

कारण निव्वळ भूमितीचं आहे. पडदा १४ मीटर रुंद धरा, १.८५:१ च्या (रुंदी : उंची) चौकटीत उंची साडेसात मीटर होते. तुम्ही पडद्यापासून १४ मीटरवर बसला असाल आणि पात्राचा चेहरा खालच्या सबटायटलच्या ओळीपासून ४ मीटर वर असेल, तर नजरेला १६ अंशांची उडी पडते. प्रत्येक संवादाला! १३ इंची लॅपटॉप दोन फुटांवर ठेवला तर तीच उडी जेमतेम ८ अंश. चाळीसेक अक्षरांच्या दोन ओळी वाचून नजर वर जाईपर्यंत मागचं जंगल, पानांवरचा उजेड, सगळं निघून गेलेलं असतं. आणि तिकिटाचे पैसे त्या जंगलाचेच तर असतात.

‘ओठ जुळत नाहीत’ ही तक्रारही पोकळ आहे. जपानमध्ये आवाज बहुधा चित्रं झाल्यावर भरतात आणि तोंडाचे आकार ढोबळ असतात: बंद, अर्धवट, उघडं. म्हणजे मूळ जपानीतही ओठ काटेकोर जुळत नाहीत.

तिखटमीठ
असहमत. तुमची भूमिती खुर्ची बदलली की कोसळते. पडद्याच्या रुंदीच्या दीडपट मागे, म्हणजे २१ मीटरवर बसा. उडी ११ अंशांवर येते आणि पडदा तरीही ३७ अंश व्यापतो. सिनेमा बघायला तेवढं पुष्कळ. थिएटर तेवढं लांब असेल तर साधारण मागच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या, मधल्या खुर्च्या घ्या. बैठक सपाट असेल तर पुढच्याच्या डोक्याआड ओळ जाते, तिथे मात्र सबटायटलचा खेळ टाळावा. एवढं मान्य.

ओठांबद्दल बोलताना ‘अकिरा’ (१९८८) विसरलात. त्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मग चित्रं काढली, त्यामुळे तोंडं जपानी उच्चारांवर बेतलेली आहेत. तो डबमध्ये बघणं म्हणजे त्या कष्टांवर बोळा फिरवणं.

खरा आक्षेप शांततेचा आहे. ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’च्या १९९८ च्या डिस्ने डबमध्ये मांजराच्या तोंडी जादा वाक्यं घातली, वर संगीतही वाढवलं. ‘कॅसल इन द स्काय’च्या डबसाठी तर मूळ संगीतकार जो हिसाइशींकडूनच पार्श्वसंगीत वाढवून घेतलं. मूळ सिनेमात जिथे नुसता वारा आहे, तिथे वाद्यवृंद.

निवडुंग
ही उदाहरणं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. किकीमधली बरीचशी भर २०१० च्या आवृत्तीत काढूनही टाकली. ‘द बॉय अँड द हेरॉन’च्या इंग्रजी डबमध्ये रॉबर्ट पॅटिन्सनने बगळ्याला दिलेला आवाज ऐका, मग बोलू.

रीळवाला
वाद चालू द्या, पण सबटायटलवाल्यांनी एक लक्षात ठेवा. सिनेमा आता डिजिटल पॅकेजमधून, म्हणजे फाइलींच्या संचातून येतो. मूळ पॅकेजमध्ये चित्र आणि आवाज असतात. सबटायटलची आवृत्ती पुष्कळदा वेगळ्या छोट्या पॅकेजात येते आणि चित्रासाठी मूळ पॅकेजवरच अवलंबून असते. थिएटरात खेळांची यादी लावणाऱ्याने चुकीची आवृत्ती निवडली की पडद्यावर जपानी आवाज येतो, ओळी येत नाहीत. किंवा थेट डबच सुरू होतो. मल्टिप्लेक्समध्ये खेळ आपोआप सुरू होतात, प्रोजेक्शन रूममध्ये बहुधा कोणी नसतं. म्हणून ‘आता येतील ओळी’ म्हणत बसू नका. पहिल्या संवादाला ओळ आली नाही की लगेच बाहेर जाऊन कर्मचाऱ्याला सांगा. पाचव्या मिनिटाला खेळ थांबवून योग्य आवृत्ती लावता येते. चाळिसाव्या मिनिटाला पुढच्या खेळाची वेळ आडवी येते, मग फार तर पैसे परत मिळतात.

बुकिंग करतानाही बघा: काही अ‍ॅपवर डब आणि सबटायटल एकाच पोस्टरखाली असतात, फरक फक्त खेळाच्या वेळेजवळच्या बारीक अक्षरांत.

सांजवेळ
भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर तिसरा मार्ग आहे. डबचा खेळ घ्या आणि काउंटरवर कॅप्शनचं यंत्र मागा. कपहोल्डरमध्ये अडकवायची वाकडी दांडी आणि वर छोटा पडदा. अमेरिकी उच्चार कळले नाहीत तर ओळ वाचता येते. सिनेमा कॅप्शनसह आलेला असेल तर अमेरिकेत थिएटरने अशी यंत्रं ठेवणं २०१८ पासून कायद्याने बंधनकारक आहे. चार्ज केलेलं आहे ना, तेवढं तिथेच तपासा.

आणि ‘जिब्ली म्हणजे मुलांचं’ समजून मोनोनोकेला लहान पोरं नेऊ नका. अमेरिकेत त्याला पीजी-१३ आहे, म्हणजे तेराखालच्या मुलांबाबत पालकांना सावधगिरीची सूचना. बाण लागून हात आणि मुंडकी उडतात.

तिखटमीठ
ते यंत्र हाताच्या अंतरावर, पडदा वीस मीटरवर. डोळ्यांना दर ओळीला जवळ-दूर फोकस बदलावा लागतो. निवडुंगांच्या १६ अंशांपेक्षा वाईट!

सांजवेळ
दांडी उंच करून पडद्याच्या खालच्या कडेच्या रेषेत आणा. फोकस बदलतोच, मान तरी हलत नाही.

पानगळ
तुम्ही डब-सबवर भांडताय, आयमॅक्सचं जादा तिकीट कुणी तपासलंय का? मोनोनोके १.८५:१ मध्ये आहे. बहुतेक डिजिटल आयमॅक्स पडदे १.९०:१ चे, तिथे चौकट जवळजवळ भरते. १.४३:१ च्या उंच पडद्यावर वर-खाली काळे पट्टे राहतात. हाताने रंगवलेल्या सेलचा (पारदर्शक फिल्मवरच्या चित्रांचा) सिनेमा असल्याने रंगाचा पोत दिसतो, त्यासाठी पैसे द्यावेत. पण सेकंदाला २४ चौकटींत कॅमेरा आडवा सरकतो तेव्हा मोठ्या पडद्यावर चित्र ठेचकाळतं; जितकं पुढे बसाल तितकं जास्त. आवाजासाठी महाग थिएटर घेणाऱ्यांनी ‘द विंड राइजेस’ला तरी पैसे वाचवावेत. तो मुद्दाम मोनो (एकाच ध्वनिवाहिनीचा) ठेवलाय, आणि विमानांचे आवाजसुद्धा माणसांनी तोंडाने काढलेत.

निवडुंग
म्हणजे मागे बसायचं ठरलं. पण शनिवारी संध्याकाळी त्याच मधल्या खुर्च्या आधी संपतात. पुढच्या चार रांगाच उरल्या असतील तर काय घेणार, तिखटमीठ?

तिखटमीठ
सोमवारचा खेळ.