गॅसचा बर्फ करून टाकीत ठेवता येतो का?

प्रश्न: परवा व्हिडिओ बघितला, बर्फाच्या तुकड्याला काडी लावली तर पेटतो आणि खाली पाणी ठिबकतं!! मिथेन हायड्रेट म्हणतात त्याला, म्हणजे पाण्याच्या बर्फासारख्या जाळीत अडकलेला गॅस. मग एलएनजीसारखं (द्रवरूप नैसर्गिक वायू) उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करत बसण्यापेक्षा गॅस असाच साठवला तर?

भटक्या: करून बघितलंय की. जपानमध्ये मित्सुई कंपनीने या हायड्रेटच्या गोळ्या केल्यात. उणे २० च्या आसपास साध्या दाबालाही टिकतो, वर बर्फाची साय धरते ना.

कंटाळेश्वर: पण या हायड्रेटच्या एका घनमीटरमध्ये साध्या दाबाचा गॅस मावतो साधारण १६०-१७० घनमीटर, एलएनजीत ६००. वजनाने ८५ टक्के तर पाणीच, ते वाहून कोण नेणार?

प्रश्नकर्ता: न्यायचाच नसेल, एका जागी ठेवायचा असेल तर?

भटक्या: मग जमेल, पण बनायलाच लई वेळ खातो, दाबाखाली ढवळत बसा.