मदत हवी आहे: डेव्हलपर निवडताना आमचं नेमकं काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

बेळगावात टिळकवाडीला आमची अकरा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. उद्यमबाग आणि मच्छेतल्या फाउंड्र्या (धातू ओतून कास्टिंग बनवणारे कारखाने), मशीन शॉप यांचा स्टॉक, जॉब वर्कची (बाहेरून करून घेतलेल्या कामाची) चलनं, म्हणजे मालाबरोबर जाणारे कागद, आणि बिलिंग यांचं सॉफ्टवेअर हे आमचं काम. मुलाखती दोन वर्षांपासून मी घेतो. पाच जण घेतले, त्यातले तिघे सहा महिन्यांच्या आत गेले. इथं पोरं टिकतच नाहीत, रात्रीच्या गाडीत बसली की सकाळी पुणं नाहीतर बेंगळुरू, असं मी सगळ्यांना सांगायचो. आता तसं म्हणवत नाही.

गेल्या महिन्यात मच्छेच्या एका ग्राहकाकडे गेलो होतो. तिथं स्टोअरमध्ये खानापूर तालुक्यातली एक मुलगी काम करते. दीड वर्षापूर्वी तिला आम्हीच नाकारलं होतं. समोर आम्ही तिघे, प्रश्न इंग्रजीत, आणि फळ्यावर बायनरी ट्री (माहिती फांद्यांसारखी मांडायची रचना) उलटा करून दाखव म्हणालो. तिचा हात थांबला तो थांबलाच. मी शेरा लिहिला, 'कम्युनिकेशन कमी'. सात वर्षांत आमच्या कोडमध्ये कुणी बायनरी ट्री हातानं लिहिलेला नाही.

तिथल्या मालकांनी तिनं केलेली शीट दाखवली. मशीनिंगला ५०० कास्टिंग गेली, ४८० चांगली परत आली, १२ रिजेक्ट, मग उरलेली ८ कुठं? चलनवार, हीट नंबरवार (धातूच्या कुठल्या ओतीतलं कास्टिंग त्याप्रमाणे) सगळं धरलंय. जॉब वर्कला गेलेला कच्चा माल जीएसटीच्या नियमानं वर्षाच्या आत परत यावा लागतो, तर दहावा महिना लागला की तिच्या शीटमधली ओळ लाल होते. हेच ते मालक दोन वर्षं आमच्याकडे मागत आहेत.

तिच्या जागी ज्याला घेतलं त्यानं फळ्यावरचं सगळं सोडवलं होतं. पण चलनाची आमची जुनी फाइल, चार हजार ओळींची, त्याला उलगडेना. त्यानं केलेल्या दुरुस्तीनंतर अर्धवट परत आलेला माल दोनदा जमा व्हायला लागला आणि एका फाउंड्रीचा महिन्याचा स्टॉक चुकला. त्याला दोष देत नाही. त्याला एकदाही फाउंड्रीत नेलं नव्हतं, आणि दुसऱ्याचा कोड वाचता येतो का हे आम्ही विचारलंच नव्हतं. चौथ्या महिन्यात तो बेंगळुरूला गेला.

जाहिरातसुद्धा एका मोठ्या कंपनीची बघून लिहिली होती. कुबरनेटीस, मायक्रोसर्व्हिसेस, अशी अनेक सर्व्हरवरच्या मोठ्या सिस्टिमला लागणारी तंत्रं सगळी त्यात. आमचा सर्व्हर एक, कोड पीएचपी आणि मायएसक्यूएल. वर सीजीपीए (पदवीचे दहापैकी सरासरी गुण) सातच्या पुढे आणि एकही बॅकलॉग (राहिलेला विषय) नको ही अट. त्यामुळं कोण कोण अर्जच न करता राहिलं असेल, हे आता मोजताही येत नाही.

पुढच्या महिन्यात दोन जागा भरायच्या आहेत. खऱ्या कामाचा एक तुकडा देऊन बघावं असं मनात आहे. तो किती वेळाचा असावा? त्याचे पैसे द्यायचे का? आणि मुलाखत कुठल्या भाषेत घ्यायची? ग्राहक मराठी आणि कन्नड बोलतात, कागदपत्रं इंग्रजीत असतात.

कोल्हापूरचा कोडर: फळा आधी काढा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर हे तपासलं. निम्म्यांनी परीक्षकासमोर बोलत बोलत प्रश्न सोडवला, निम्म्यांनी तोच प्रश्न खोलीत एकट्यानं. समोर कुणी बघत असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. तुमच्या त्या मुलीचं काय झालं ते यात दिसतंय.

घटप्रभा: मी पुण्यात भरतीचंच काम करते, माहेर गोकाकचं. काम दोन तासांच्या वर नको, आणि ऑफिसात बोलावून करून घ्या. घरी दिलं की ज्याला रिकामा वेळ आहे तो पुढं जातो, नोकरी सांभाळून येणारी मागं पडते. निवड होवो न होवो, दिवसाचे पैसे आणि गाडीभाडं द्या. प्रश्न सगळ्यांना तेच, त्याच क्रमानं. तिघांनी गुण आपापले लिहून ठेवायचे, मगच एकमेकांशी बोलायचं, नाहीतर पहिला बोलेल त्याच्यामागं बाकीचे जातात. निवडीच्या पद्धतींचा २०२२ मध्ये पुन्हा मोठा आढावा घेतला गेला, त्यात अशी ठरवून घेतलेली मुलाखतच सगळ्यात वर निघाली. नुसत्या अनुभवाच्या वर्षांवरून फारसं कळत नाही.

मारुती गल्ली: माझी घरची भाषा कन्नड, मराठी शेजारात शिकलो. मुलाखत मराठीत घेतो म्हणाल तर बैलहोंगलचा पोरगा तसाच गप्प बसेल जशी ती इंग्रजीत बसली. त्यालाच विचारा की, कुठल्या भाषेत बोलतोस? इंग्रजी तपासायचंच असेल तर एक डॉक्युमेंटेशनचं पान वाचायला द्या आणि त्यातलं त्याच्या भाषेत सांगू दे. आणि त्या मुलीला फोन केलात का?

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. सीजीपीएची अट काढली, जाहिरातीत आता आम्ही खरंच वापरतो तेवढंच लिहिलंय. दोन तासांसाठी जुन्या चलनाच्या कोडचा दोनशे ओळींचा भाग वेगळा काढतोय, नावं आणि दर बदलून. ५०० पैकी ४८० परत, १२ रिजेक्ट हाच हिशोब त्यात चुकीचा येतो, तो शोधायचा. काम सुरू करण्याआधी सकाळी उद्यमबागेत एक चक्कर, कास्टिंग हातात घेऊन बघायला.

तिच्या मालकांशी आधी बोललो, आमच्याकडून मागं काय झालं तेही सांगितलं. मग तिला फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, महिनाअखेरचा स्टॉक मोजून होऊ दे, मग घरी विचारून सांगते. अजून उत्तर आलेलं नाही.

एक अडलंय: हिशोबातली चूक सापडली, पण दुरुस्ती दोन तासांत पुरी झाली नाही, तर गुण कसे द्यायचे? कुणी असं घेतलं असेल तर सांगा.