हॅट्रिकमध्ये नवा संघ: पहिला पैसा कोवळ्या पोरांवर की तयार खेळाडूंवर?

अर्धा चेंडू
हॅट्रिक, म्हणजे १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला ब्राउझरवरचा फुटबॉल मॅनेजरीचा खेळ. गटात ८ संघ, लीगचे १४ सामने, हंगाम १६ आठवड्यांचा. नवा संघ मिळतो तेव्हा हातात थोडी रोकड आणि बहुतेक 'पुअर', 'वीक' पातळीचे खेळाडू असतात (कौशल्याच्या चढत्या पायऱ्या: पुअर, वीक, इनॲडिक्वेट, पासेबल, सॉलिड, एक्सलंट, फॉर्मिडेबल). माझं मत सरळ आहे: ती सगळी रोकड सतरा वर्षांच्या सहा मिडफिल्डरवर लावा, ट्रेनिंग प्लेमेकिंगचं (मिडफिल्डरचं मुख्य कौशल्य) ठेवा आणि बाकी संघाला हात लावू नका.

सहाच का? ट्रेनिंग सामन्यात योग्य जागी खेळलेल्यालाच मिळतं. आठवड्यात एक लीग सामना आणि एक मैत्री सामना. प्रत्येकात आतल्या मिडफिल्डच्या तीन जागा, तीन दुणे सहा. विंगरला प्लेमेकिंगचं निम्मं ट्रेनिंग मिळतं, तिथे आणखी चौघं बसतात. नव्यांची नेहमीची चूक म्हणजे तेच तिघे दोन्ही सामन्यांत खेळवणे. ९० मिनिटं भरली की त्या आठवड्याचं ट्रेनिंग पूर्ण झालं, दुसऱ्या सामन्यातून त्यांना जास्तीचं काही मिळत नाही. निम्म्या जागा फुकट जातात.

शोधताना वय १७ आणि दिवस शक्यतो तिसाच्या आत. हॅट्रिकचं वर्ष ११२ दिवसांचं, त्यामुळे '१७ वर्षं ५ दिवस' आणि '१७ वर्षं १०० दिवस' हे दोन वेगळे माल आहेत. दुसऱ्याला घेतला की बारा दिवसांत तो अठराचा होतो, आणि वयागणिक ट्रेनिंगचा वेग घटतो. प्लेमेकिंग निदान 'पासेबल', जमलं तर 'सॉलिड'. सोबत पासिंग किंवा डिफेन्डिंग 'इनॲडिक्वेट'च्या आसपास असेल तर पुढे विकताना त्याचं वजन पडतं.

हिशोबी
कागदावर झकास. आता लीगचा सामना लावून बघा. हॅट्रिकमध्ये चेंडूचा ताबा मिडफिल्डवर ठरतो आणि ताब्यावर चढायांचा वाटा. तिथेच तुम्ही तीन 'पासेबल' पोरं उभी केलीत. शिवाय मध्यात तिघे एकत्र खेळवले की गर्दीमुळे प्रत्येकाचं योगदान कमी होतं. म्हणजे मुळात अशक्त, त्यात कापलेलं. हरत राहिलात की चाहत्यांचा मूड पडतो, प्रेक्षक घटतात, तिकिटाचे पैसे घटतात. नव्या संघाची मुख्य कमाई प्रेक्षक आणि प्रायोजक हीच, आणि प्रायोजकही हरणाऱ्या संघावर खूश नसतात.

माझा सल्ला उलटा. आधी २९ ते ३१ वयाचे दोन मिडफिल्डर घ्या, 'एक्सलंट' ते 'फॉर्मिडेबल' पातळीचे. पुन्हा विकताना त्यांचे पैसे येत नाहीत, म्हणूनच बाजारात ते स्वस्त असतात. पगारही तेवढ्याच कौशल्याच्या पंचविशीतल्या खेळाडूपेक्षा कमी. अनुभव तयार मिळतो. खालच्या गटात असे दोघे आले की निम्मे सामने तिथेच फिरतात.

राखीव गोली
हिशोबी, म्हाताऱ्यांच्या बाबतीत एक खड्डा सांगायचा राहिला. नवखा माणूस टीएसआयचा, म्हणजे खेळाडूच्या एकूण कौशल्याचा खेळातला आकडा बघून बोली लावतो. अठ्ठाविशीनंतर तेवढ्याच कौशल्याला टीएसआय कमी दिसतो. फॉर्म पडला असेल तरीही कमी दिसतो, आणि गोलकीपरचा हिशेब तर वेगळ्याच सूत्राचा. म्हणून २४ वर्षांचा आणि ३० वर्षांचा खेळाडू टीएसआयवर शेजारी ठेवू नका. कौशल्यांच्या पट्ट्या वाचा, मग फॉर्म, मग स्टॅमिना. तिशी ओलांडलेल्याचा स्टॅमिना 'वीक' असेल तर तासाभरानंतर मैदानात त्याची सावलीच पळते.

अर्धा चेंडू
@हिशोबी, तुमचे ते दोन म्हातारे लीगमध्ये दोन जागा अडवतात. लीगमध्ये एक ट्रेनी, मैत्रीत तीन, म्हणजे सहाचे चार झाले. एक तृतीयांश ट्रेनिंग गेलं. एका हंगामात त्यांच्या पट्ट्या खाली सरकायला लागतील आणि हाती काय उरलं? दोन न विकले जाणारे पगारदार. पोरांचं उलट असतं. पगार वाढदिवसाला ठरतो. मधल्या काळात प्लेमेकिंग दोन पायऱ्या चढलं तरी पगार जुनाच चालतो.

हिशोबी
वाढदिवसाचा मुद्दा दुधारी आहे. विकायला काढलेला पोरगा १७ वर्षं १०८ दिवसांचा असेल तर घेणारा चार दिवसांनी वाढणारा पगार गृहीत धरूनच बोली लावतो. विकायचं तर वाढदिवस झाल्यावर, नवा पगार स्पष्ट दिसत असताना विका.

आणि 'विकू' म्हणताना कापाकापी धरली आहे का? एजंटचा वाटा असतो, आणि खेळाडू तुमच्याकडे जितका कमी काळ राहिला तितका तो मोठा. मूळ क्लबला (जिथून तो पहिल्यांदा आला) आणि आधीच्या क्लबला त्यांचा हिस्सा जातो. परदेशी पोरगा असेल तर पगार २० टक्के जास्त, दर आठवड्याला. सहाच्या सहा परदेशी घेतलेत की एका जास्तीच्या खेळाडूचा पगार विनाकारण भरताय.

गल्ली नंबर सात
दोघंही प्लेमेकिंगला चिकटून बसलाय, भांडणाचं मूळ तिथे आहे. नव्या संघाने डिफेन्डिंग शिकवावं. चार बचावपटू गुणिले दोन सामने, झाले आठ. पाच लावले तर दहा. पोरं कच्ची असली तरी मिडफिल्ड शाबूत राहतं, कारण तिथे हिशोबींचे म्हातारे बसलेले असतात. लीगमध्ये त्यांना हलवावं लागत नाही आणि ट्रेनिंगची एक जागाही वाया जात नाही. तुमच्या दोघांच्या अटी यात बसतात.

फक्त पाचचा बचाव एकदम लावू नका. त्या रचनेचा अनुभव नसेल तर सामन्यात गोंधळ होतो आणि सगळा संघ विस्कळीत खेळतो. आधी काही आठवडे मैत्री सामन्यात घोटवा.

अर्धा चेंडू
जागा दहा, पण भाव? दहा जण एकाच वेळी बाजारात येतात आणि त्यांच्यासारखे शेकडो असतात. चांगल्या मिडफिल्डरला वरच्या गटांतून सततची मागणी असते, नुसत्या बचावपटूला तेवढी नाही.

गल्ली नंबर सात
नुसत्या बचावपटूला नाही, हे कबूल. म्हणून घेतानाच ज्याचं प्लेमेकिंग 'पासेबल' आहे असा बचावपटू घ्यायचा. बाजूला वापरायचा असेल तर विंगर कौशल्य बघा. दोन कौशल्यांच्या खेळाडूचा पगार मुख्यतः वरच्या कौशल्यावर ठरतो, दुसरं जवळजवळ फुकटात मिळतं. घेणारे हेच शोधतात.

राखीव गोली
खासियतही बघा. 'हेडर' असलेला बचावपटू कॉर्नरला उपयोगी पडतो. 'टेक्निकल' बचावपटूसाठी मात्र जास्त मोजू नका.

बाकावरचा
युवा अकादमीचं कुणी बोललंच नाही. बोलीच्या भानगडीत पडायचं कशाला? तिथून पोरं येतात, मूळ क्लब आपणच, शिवाय देशी, म्हणून तो २० टक्क्यांचा भुर्दंड नाही.

हिशोबी
येतात, पण कधी? अकादमीत आलेल्या पोराला वर घ्यायला पूर्ण ११२ दिवस थांबावं लागतं. दर आठवड्याचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून. नव्या संघाला पहिल्या हंगामात त्यातून काहीच मिळत नाही. दुसऱ्या हंगामात, स्टेडियमचं उत्पन्न सावरल्यावर सुरू करा.

राखीव गोली
लिलावाचं एक व्यावहारिक बघा, पोरं घ्या की म्हातारे घ्या. खेळाडू यादीत टाकला की बरोबर तीन दिवसांनी लिलाव संपतो. शेवटच्या तीन मिनिटांत बोली आली तर मुदत पुढे सरकते. त्यामुळे 'शेवटच्या सेकंदाला टाकतो' ही युक्ती इथे चालत नाही. कमाल रक्कम कागदावर लिहून ठेवा आणि तिथे थांबा, नाहीतर तीन-तीन मिनिटं करत दुप्पट भावाला जाल.

आपल्याकडच्यांना एक फायदा आहे. बोली लावणारे बरेचसे युरोपात. आपल्याकडे सकाळी नऊ वाजता मध्य युरोपात हिवाळ्यात पहाटेचे साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान संपणारे लिलाव शोधा, बोलीदार कमी असतात. विकताना उलटं करा. आपल्या रात्री साडेबाराला यादीत टाका, म्हणजे तीन दिवसांनी लिलाव त्यांच्या रात्रीच्या आठ-नऊला संपेल.

अर्धा चेंडू
हे मान्य. पण सकाळी नऊला स्वस्तात मिळतो तो सतराचा पोरगा घ्या, एकतिशीतला नव्हे.

हिशोबी
सकाळी नऊला सतराचे पोरगे बघायला अख्खा आशिया जागा असतो. एकतिशीतल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, म्हणून तर तो स्वस्त.