अनुभव सांगा: आयटीआय सुटल्यावर कारखान्यातले पहिले दिवस

माझा धाकटा भाऊ यंदा फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावात जो तो म्हणतो, अप्रेंटिस केल्याशिवाय त्या कागदाला किंमत नाही. त्यानं काय करावं ते सांगू नका, तुमच्यावर काय गुजरलं ते सांगा. खोली, डबा, शिव्या, सगळं चालेल.

सिंदी रेल्वेकडचा फिटर
आमच्या तुकडीत 20 पोट्टे अन् जाडी मोजायचे मायक्रोमीटर दोन. त्यातला एक सरांच्या कपाटात. पेपरात लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, 0.01 मिमी लिहिलं, पूर्ण मार्क. नागपूरजवळ बुटीबोरीत कारखान्यात अप्रेंटिस लागलो तर पहिल्याच आठवड्यात मी मोजलेले नऊ शाफ्ट परत आले. जुन्या मिस्त्रीनं माझा हात पाहिला. म्हणे, "काबे, चिंधी पिळून राह्यला का?" मी थिंबल, म्हणजे मायक्रोमीटरची फिरवायची नळीच, आवळत होतो, म्हणून माप चुकत होतं. त्यानं मागचं रॅचेट, म्हणजे बेताचा दाब बसला की कट वाजणारी बारकी घुंडी, धरायला लावलं. कट, कट, कट. "बस. आता वाच." सकाळची पॅसेंजर चुकली की अर्धा दिवस बुडायचा, म्हणून शेवटी चौघांत खोली केली.

हिंगणघाटहून
मी वायरमन, पण लागलो जिनिंगात, कापसातून सरकी वेगळी काढतात तिथं. डबल रोलर मशीन. रोलरवरच्या चामड्याच्या चकत्या झिजून गुळगुळीत झाल्या की रुई धरत नाहीत, सरकीला तशीच चिकटून राहते. मग खाचा पाडायच्या. मिस्त्री मूठभर सरकी हातात घेऊनच सांगायचा कोणत्या मशीनचा रोलर गेला ते. मला ते यायला लागलं तोवर कापूस संपला अन् मी घरी. हातात कागद काहीच नाही, कारण मालकानं अप्रेंटिस म्हणून नोंदच केली नव्हती. अप्रेंटिसचा कायदा 1961 चा आहे, करार नोंदवावाच लागतो. धाकट्याला म्हणा, कामावर जायच्या आधी कराराचा नंबर माग.

दारव्ह्याची इलेक्ट्रिशियन
"पोरगी खांबावर चढते का?" हे विचारून झालं असेल तर पुढं सांगते. नागपुरात पॅनल वायरिंग शिकले. वायरीच्या टोकाला लग, म्हणजे जोडायचं धातूचं टोक, दाबून बसवला की वायर ओढून पाहायची, ही सवय तिथली. आता घरी मिक्सरची वायरही ओढून पाहते. माय म्हणते, तोडशील एक दिवस.

बारावी, यवतमाळ जिल्हा
2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका कार्यालयात लागलो. बारावीला महिना 6,000, आयटीआयला 8,000, पदवीधराला 10,000. काम म्हणाल तर झेरॉक्स आणि साहेबांचा चहा. आधी सहा महिने होते, मग वाढवून अकरा केले. पैसे खात्यात आले, खोटं कशाला बोलू, बाबांच्या खताला कामी पडले. बाराव्या महिन्यात परत पारावर.

धागा काढणारी
रॅचेटचं धाकट्याला वाचून दाखवलं. दोन वर्षं होत आली, त्यानं मायक्रोमीटर एकदाच हातात धरलाय, तोही फोटोसाठी. सिंदीवाले दादा, बुटीबोरीत चौघांच्या खोलीचं भाडं सध्या किती पडते? अन् डबा मिळते का तिथं, की स्वयंपाक शिकवू याला?