अर्धवेळ कुठलं आलंय?

अंगणवाडीचं काम ‘सकाळचे चार तास, बायकांना सोयीचं’, म्हणून पूर्णवेळ नोकऱ्यांच्या चर्चेत ते आणू नये, असा वरच्या दोन प्रतिसादांचा सूर आहे. पटत नाही. माझी जाऊ कळव्यात सेविका आहे. पोरं दुपारी घरी जातात, हिचं काम तिथून पुढे सुरू. गृहभेटी, गरोदर बायकांच्या नोंदी, वजनं. संध्याकाळी भाजी निवडता निवडता मांडीवर मोबाईल, त्यात पोषण ट्रॅकर, म्हणजे नोंदींचं सरकारी ॲप, भरायचा. ॲप अडकलं की गच्चीवर जाऊन रेंज शोधायची. वर निवडणूक आली की मतदार यादीचं काम आहेच.

एक मुद्दा इथे कुणीच मांडला नाही. हे काम अर्धवेळ आहे हा युक्तिवाद सुप्रीम कोर्टातही झाला होता. गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये कोर्टाने तो फेटाळला, कामाचं स्वरूप बघता ही पूर्णवेळ नोकरीच आहे असं म्हटलं आणि १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ सेविका-मदतनिसांना दिला. तरी हातात पडतं ते मानधनच, पगार नव्हे. अंगणवाडीची योजना १९७५ ची, म्हणजे पन्नाशी गाठली, पण सेविका अजून ‘मानसेवी’. आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंचं तर त्याहून वाईट, त्या कागदावर स्वयंसेविका. गेल्या वर्षी जाऊबाईंनी बँकेत कर्जाचा फॉर्म भरला. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी ‘नोकरी’ लिहिलं होतं. काउंटरवरच्या मुलाने ते खोडून ‘गृहिणी’ केलं.